वहीतल्या रिकाम्या जागा

गाण्याचा अर्थ लावायला मला शाळेत कोणी शिकवलं नाही. ते शिक्षण मला पुंडलिकनगरात, आमच्या शेजारच्या घरात मिळालं. एका कंपनी कामगाराकडून आणि त्याच्या आईकडून. दोघांनाही मी त्याची फी दिली नाही, आणि दिली असती तरी त्यांनी घेतली नसती. पण देणं आहे. ते नेमकं कशाचं आहे, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आमचं पुंडलिकनगर म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या दक्षिण अंगाला, गारखेड्याला लागून वाढलेली वस्ती. गजानन महाराज मंदिराचा चौक ओलांडून आत शिरलं की गुंठेवारीतली घरं सुरू व्हायची. वीस बाय तीसचे प्लॉट, भिंतीला भिंत, वर बहुतेक ठिकाणी पत्रे. एका घरात टेपरेकॉर्डर लागला की चार घरांत गाणं. सिल्लोड, सोयगाव, कन्नड, अंबड, जाफराबाद अशा ठिकाणांहून पोटामागे आलेली माणसं. पहाटे डबा घेऊन वाळूजला नाहीतर चिकलठाण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहणारी.

दादा वाळूजच्या एका कंपनीत पाळीनं कामाला होता. सगळी गल्लीच त्याला दादा म्हणायची. पगार झाला की घरखर्चाचे पैसे त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या हातात, आणि उरलेल्यातले पुष्कळसे कॅसेटींवर. १९९८ मध्ये ‘गारवा’ आला तेव्हा मी नववीत होते. सिनेमाची गाणी आम्हाला माहीत होती, रेडिओवरची भावगीतं माहीत होती, गणपतीतला ऑर्केस्ट्रा माहीत होता. पण एका कवीनं आणि एका गायक-संगीतकारानं मिळून, कुठल्याही सिनेमाच्या आधाराशिवाय, पाऊस आणि प्रेम एवढ्याच भांडवलावर अख्खी कॅसेट काढावी आणि कॉलेजातल्या पोरापोरींनी ती झिजेस्तोवर ऐकावी, हे आमच्या वयाच्यांना अगदी नवं होतं. कविता सौमित्र यांची, म्हणजे किशोर कदम यांची. संगीत आणि गळा मिलिंद इंगळे यांचा. गाण्याआधी कविता नुसती बोललेली, मग सूर. त्या बोललेल्या ओळींनी आम्हाला धरून ठेवलं. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद असतो आणि त्यावर गीतकाराचं नाव असतं, हे मला दादानं दाखवलं. तोवर माझ्यासाठी गाणं हे गाणाऱ्याचंच असायचं.

दादाकडे दोनशे पानी वही होती. ऐकलेलं गाणं तो त्यात उतरवून काढायचा. एक ओळ ऐकायची, पॉजचं बटण दाबायचं, लिहायची, टेप थोडी मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. एखादा शब्द कळलाच नाही तर तो तिथं तेवढी जागा मोकळी सोडायचा आणि पुढे जायचा. पुढं दुसऱ्या पाळीमुळं त्याला वेळ होईना, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. देताना त्यानं एकच अट घातली. “कळलं नाही तिथं जागा सोड. मनानं भरू नको. मनानं भरलंस की ते तुझं गाणं झालं.”

ही अट मी पाळत आले. आज मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. तापडिया नाट्यमंदिरात किंवा एकनाथ रंगमंदिरात माइकसमोर उभं राहून पुढच्या गाण्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि त्या दोन मिनिटांत वाट्टेल ते बोलण्याचा मोह फार असतो. कवीच्या आयुष्यातली एखादी हळवी गोष्ट सांगितली की टाळी हमखास मिळते. ती गोष्ट खरी आहे का, आणि खरी असली तरी गाण्यात ती आहे का, हे कोणी विचारत नाही. मला मात्र दादाची वही दिसते, आणि जे कळलेलं नाही ते मी कळल्यासारखं सांगत नाही.

दादानं मला ऐकायला शिकवलं. प्रश्न विचारायला शिकवलं ते मावशींनी.

मावशी दुसरीपर्यंत शिकलेल्या. माहेर-सासर दोन्ही सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं, जिथं मराठवाडा संपत येतो आणि खानदेश सुरू होतो. कॅसेटीचं त्यांना कौतुक नव्हतं, पण गाणं लागलं की हातातलं काम चालू ठेवून त्या ऐकायच्या आणि मधेच विचारायच्या, “कोण बोलू राह्यलं हे? कोणाला म्हणू राह्यलं?” आम्ही सांगायचो, अहो मावशी, प्रेमाचं गाणं आहे. तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. बाई बोलतेय की बापई, समोर कोणी आहे की एकटंच बडबडतंय, दिवस आहे की रात्र, हे त्यांना आधी कळायला हवं असायचं.

ही सवय त्यांना कीर्तनातून लागली होती, हे मला फार उशिरा उमगलं. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच्याभोवती फिरतो. एकेका चरणाला थांबतो, दृष्टांत देतो, शंका काढतो, स्वतःच उत्तर देतो, पुन्हा चरणावर येतो. लहानपणापासून हे ऐकलेल्या माणसाला गाणं म्हणजे अर्थ लावायची गोष्ट, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात नाथांचं पैठण इथून जवळच. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, तो विंचू नसतो, काम-क्रोध असतो, हे आमच्या भागात पोरासोरांनाही माहीत असतं. बॉब डिलनच्या गाण्यांचा अर्थ लावण्यात त्याच्या चाहत्यांनी आयुष्यं घालवली आणि २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा गाण्याचे शब्द इतक्या गांभीर्यानं घ्यावेत का यावर मोठी चर्चा झाली. मला त्या चर्चेचं नवल वाटलं. शब्द गांभीर्यानं न घेता गाणं ऐकणारं माणूस मी आमच्या गल्लीत बघितलंच नव्हतं.

‘गारवा’ सुरू असताना मावशी एकदा म्हणाल्या, “ह्याच्याकडं पाऊस येळेवर येऊ राह्यला, म्हणून ह्याला ती आठवते. आमच्याकडं मिरग कोरडा गेला की सावकार आठवायचा.”

दादाला ते लागलं. त्याचं म्हणणं, प्रत्येक गाण्यानं प्रत्येकाचं दुःख सांगायला पाहिजे असं थोडंच आहे? त्याची बाजूही खरीच होती. तो त्या गाण्यांत कोणाला शोधत होता ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण पहिल्या पाळीवरून आल्यावर संध्याकाळी तीच बाजू पुन्हा पुन्हा लागायची, यावरून गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. मावशींच्या बोलण्यानं ‘गारवा’ माझ्यासाठी बिघडला नाही. उलट त्यांच्यामुळं मी पहिल्यांदा नीट ऐकलं की त्या बोललेल्या कवितेत आधी उन्हाची तक्रार आहे आणि मग पाऊस. आम्ही सगळे पावसाकडं धावत होतो आणि ऊन सोडून देत होतो. मराठवाड्यात राहून ऊन सोडून देणं बरं नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं आणि इकडं आमच्या पुंडलिकनगरच्या जलकुंभावर टँकरचा राबता वाढला, त्या दिवसांत एका कार्यक्रमात या गाण्याची फर्माईश आली. मी त्या उन्हाबद्दल बोलले. ज्यांच्याकडं नळाला कितव्या दिवशी पाणी येणार याचा घरोघर हिशेब चालतो, त्यांना पावसाचं गाणं का लागतं, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आणि तो विचार शेजारच्या मावशींचा आहे, हेही मी तिथं सांगितलं. दरवेळी सांगते.

मावशी ज्यांच्यावर जीव टाकायच्या ते कवी त्यांच्या भागातले होते. ना. धों. महानोर. पळसखेडे हे त्यांचं गाव सोयगाव तालुक्यातलंच. मावशी त्यांना कवी म्हणून कमी आणि शेतकरी म्हणून जास्त ओळखायच्या. त्यांच्या मळ्याबद्दल, सीताफळाच्या बागेबद्दल, लता मंगेशकरांच्या नावावरून त्यांनी सीताफळाला ‘लताफळ’ म्हटलं त्याबद्दल अभिमानानं सांगायच्या. ३ ऑगस्ट २०२३ ला महानोर गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “बागंचं आता कोण बघंल?”

‘जैत रे जैत’ची कॅसेट दादाकडं होती. १९७७ चा सिनेमा, गोनीदांच्या कादंबरीवरचा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथांचं संगीत, महानोरांचे शब्द. सह्याद्रीतल्या ठाकरांची गोष्ट. स्मिता पाटीलची चिंधी नवऱ्याला सोडून आलेली आणि मोहन आगाशेंच्या नाग्यावर जीव जडलेली. तिच्या त्या प्रसिद्ध गाण्यात, गेली ती रात्र मागं टाकल्याचा आनंद आहे आणि सापानं कात टाकण्याची प्रतिमा आहे. मुलींच्या नाचात हे गाणं हमखास असायचं. आनंद, मोकळेपणा, नवं आयुष्य, असा अर्थ मीही वहीत गाण्याखाली लिहून ठेवला होता.

मावशींनी विचारलं, “कात टाकताना साप बघितला का कधी?”

पुंडलिकनगरात कुठं बघणार? मग त्या सांगायला बसल्या. कात टाकायच्या आधी सापाला धड दिसत नसतं. डोळ्यावर पांढरट पडदा येतो. तो खायचं सोडतो, बिळात नाहीतर दगडाखाली पडून राहतो. त्या दिवसांत तो चिडका होतो, कारण येणारं-जाणारं त्याला कळत नाही. मग कधीतरी दगडाला, बाभळीच्या बुंध्याला तोंड घासतो. कात ओठापाशी सुटते आणि झंपराची बाही उलटी करून काढावी तशी उलटी निघत जाते. डोळ्यावरचा पडदासुद्धा कातीबरोबरच जातो. शेतात सापडलेली कात नीट बघितली तर डोळ्याच्या जागी दोन गोल भिंगं दिसतात. मावशींनी ती हातात धरून बघितलेली होती.

“म्हंजे आधी आंधळे दिवस असतेत,” त्या म्हणाल्या. “चिंधीचे त्या नवऱ्याजवळ गेले ते.”

मी माझा अर्थ खोडला नाही; खाली त्यांचा लिहिला. आनंदाचं गाणं तेवढंच आनंदाचं राहिलं, पण त्या आनंदाला आता मागची बाजू आली. महानोर दुसऱ्यांच्या रानाचं गाणं लिहीत होते. ठाकर काही त्यांच्या गावचे नव्हेत, कर्नाळ्याकडचा डोंगर काही त्यांच्या शेताला लागून नव्हता. तरी ती प्रतिमा खरी उतरली, कारण बांधावर पडलेली कात त्यांनी बघितली असणार, आणि मावशींनी ती त्याच मुलखात बघितली होती. कवी आणि ऐकणारी बाई यांच्यामध्ये एक वस्तू सामाईक होती. मला ती मावशींकडून उसनी घ्यावी लागली.

आता ज्या रात्रीसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती सांगते.

१९६७ या एकाच वर्षात महानोरांचा ‘रानातल्या कविता’ आला आणि ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’. एकाची कविता कोणालाही कळते असं म्हणतात, दुसऱ्याची कोणालाच कळत नाही असं म्हणतात. दोन्ही म्हणणी मला घाईची वाटतात. ग्रेस म्हणजे नागपूरचे प्राध्यापक माणिक गोडघाटे. आईच्या जाण्याची त्यांची पावसाळी कविता हृदयनाथांनी गाणं करून घरोघर नेली. पण गंमत अशी, की पहिल्या ओळीत नुसतीच ‘ती’ आहे. रेडिओवर मुखडा कानावर पडायचा, कोणीतरी खरखर कमी करायला उठायचं, तोवर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं आपापली ‘ती’ तिथं बसवलेली असायची. प्रेयसी सोडून गेल्याचं गाणं म्हणून ते किती वह्यांत गेलं असेल! पुढच्याच कडव्यात कवीनं ती कोण ते सांगितलं आहे.

दादाच्या वहीत या गाण्यात दोन-तीन जागा मोकळ्या होत्या. त्या भरायला तो सुट्टीच्या दिवशी बळवंत वाचनालयात गेला आणि पुस्तक घेऊन आला. रात्री लाइट गेलेली होती. आम्ही त्यांच्या दारात बसलो होतो, मावशी कंदिलाच्या उजेडात सकाळची भाजी निवडत होत्या. दादानं पूर्ण कविता वाचून दाखवली. चाल न लावता, सावकाश.

मावशींनी विचारलं, “गेली म्हंजे? वारली का निघून गेली?”

दादानं पुन्हा पान बघितलं. “लिहिलेलं नाही.”

“मंग?”

“त्यानं जागा सोडलीय.”

मावशी काही वेळ भाजी निवडत राहिल्या. मग त्यांनी बाहत्तर सालाचं सांगितलं. दुष्काळात सरकारी कामं निघाली होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, दुपारी सुकडी मिळायची. काम गावापासून लांब होतं. पोरगं अंगावर पिणारं. चार दिवस त्याला नेलं, तर धुळीनं आणि उन्हानं त्यानं डोळे टाकले. मग सासूजवळ ठेवायला लागल्या. “उठलेलं असलं की पदर सोडायचं नाही. म्हणून झोपेत असतानाच निघायची. ते जागं व्हायचं तवा मी गेलेलीच असायची.” एवढं सांगून त्या म्हणाल्या, “त्याला कुठं ठाऊक, वारली का कामाला गेली? लेकराला दोन्ही सारखंच.”

ते पोरगं म्हणजे दादा. त्यानं हे पूर्वी ऐकलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. पुस्तकात बोट घालून तो तसाच बसून राहिला.

त्या कवितेवर मी नंतर पुष्कळ वाचलं. तिचा उलगडा ग्रेस यांच्या चरित्रातून करणारे लेख आहेत, आणि त्यांत जाणकारी आहे. मी त्या वाटेनं फारशी जात नाही. कवीच्या घरात काय घडलं हे कळल्यानं कविता कुठून आली ते कळतं. ती आपल्यापर्यंत आल्यावर काय करते, ते त्यातून कळत नाही. सगळी कविता मागं राहिलेल्या मुलाच्या बाजूनं आहे. जाणारीची बाजू तिच्यात नाही. ती मी त्या रात्री त्यांच्या दारात ऐकली, आणि तेव्हापासून ते गाणं मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. मेली की गेली याचा निकाल कवीनं लावला नाही, कारण ज्याच्या डोळ्यांनी आपण बघतोय त्याला तो लावता येण्यासारखा नाही. एवढं मर्म मला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

पुढं दादाचं लग्न झालं, मुलगी झाली. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ तोवर गाजायला लागला होता. थकून उशिरा घरी येणाऱ्या बापाचं त्यांचं गाणं आलं तेव्हा नाट्यगृहात बापमंडळी उघड रडायची. दादा रडला नाही. दुसरी पाळी सुटून बसनं घरी पोचेस्तोवर मध्यरात्र व्हायची आणि मुलगी कधीच झोपलेली असायची. ते गाणं त्यानं वहीत उतरवलं तेव्हा एकही जागा मोकळी सोडावी लागली नाही, एवढंच तो म्हणाला.

ती वही आता माझ्याकडं आहे. दादानं ती मला माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी दिली. मी परत करायला गेले तर म्हणाला, “ठेव, तुला लागंल.” ग्रेस यांच्या गाण्याखाली पेन्सिलीनं, त्याच्या अक्षरात मावशींचा प्रश्न आहे. त्याखाली त्यानं उत्तर लिहिलेलं नाही.

दादाची मुलगी चिमी आता कॉलेजात आहे. ती गाणी फोनवर ऐकते, शब्द तिला लिहून घ्यावे लागत नाहीत, पडद्यावर आपोआप येतात. पण आजीची सवय तिच्यात पुरेपूर उतरली आहे. मुंबई-पुण्याची नवी पोरं गिटार घेऊन स्वतःची मराठी गाणी करतात, ती ऐकते आणि मला विचारते, आत्या, हे कोण कोणाला म्हणतंय, मला दोन माणसं वाटतात यात. मागच्या महिन्यात तिनं वही चाळली आणि त्या पेन्सिलीच्या प्रश्नाशी अडली. तिचं म्हणणं असं, की कविता लिहिणारा तेव्हा मोठा झालेला आहे, त्याला खरं काय ते एव्हाना माहीत असणार. माहीत असून तो सांगत नाही, म्हणजे तो लपवतोय. आणि लपवतोय म्हणजे आई वारली नाही, निघून गेली. वारली असती तर लपवायचं काय कारण? मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि तसं मी मावशींना फोनवर सांगितलं. मावशींना अजिबात पटलेलं नाही. त्या म्हणाल्या, वारलेलं माणूस लपवतातच की, आम्ही चिमीला तिचा आजा गावाला गेला म्हणूनच सांगितलं होतं, विचार तिला. मी विचारलं. चिमी म्हणते, त्याचा इथं काही संबंध नाही. रविवारी सगळ्यांनी जमून पुन्हा पूर्ण कविता वाचायची असं ठरलंय, आणि वही घेऊन ये असा मावशींचा निरोप आहे.